दोष लाकडाचा

निजामाच्या अमलात उस्मानपुऱ्यात माझ्या दुकानाशेजारी बंदुका दुरुस्त करणारे एक मिस्त्री बसत. नेम चुकणारी रायफल आली की ते नळीला काजळी फासत, लाकडी दस्त्यात दाबून पुन्हा उचलत आणि लाकडावर जिथं डाग उठे तेवढंच खरवडत. "लाकूड नळीला ढकलतंय, भाऊ," असं हळूच सांगत, जणू समोर रोग्याचा नातेवाईक बसलाय.

एकदा जागीरदाराच्या गोळीनं शिकारीत हाकारे घालणारा देवगाव रंगारी गावचा गडी पांगळा झाला. कारभारी ती रायफल घेऊन आला. मिस्त्रींनी माझ्यादेखत काजळी लावून पाहिली. डाग कुठंच नव्हता.

"नळी मोकळी हाय. बंदुकीत खोट नाय," ते मला म्हणाले.

पोलीस चौकशीत मात्र अमीनसाहेबांपुढं हात जोडून म्हणाले, "दस्ता फुगला होता, हुजूर. जागीरदार सरकारांचा कसूर नाय." गड्याला कुणी काही विचारलंसुद्धा नाही.

बाहेर येताच मी त्यांना अडवलं. "मिस्त्री, खोटं का बोललात?"

"पोटावर पाय आला असता, भाऊ."

"अन् त्याचा तर पायच गेला."

पुढं कैक वर्षं आमची दुकानं शेजारी राहिली, पण मी त्यांना सलाम केला नाही.