आत्याचा सरकारी दवाखाना

आख्ख्या मराठवाड्यात सरकारवर मनापासून प्रेम करणारं एकच माणूस होऊन गेलं, आणि ते म्हणजे माझी आत्या. बाकीचे लोक सरकारकडे अर्ज करायचे, आत्या हक्क सांगायची. मुरुडच्या सरकारी दवाखान्यात तर ती माहेरी गेल्यासारखी जायची. दुखो न दुखो, आठवड्यातून एकदा ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात रिकामी बाटली घेऊन रांगेत हजर. खोकल्याला, पोटाला आणि गुडघ्याला तिथे एकच लाल औषध मिळे आणि आत्याला ते तिन्ही ठिकाणी लागू पडे. एकदा ती ठणठणीत दिसली म्हणून कंपाउंडरनं विचारलं, "आत्या, आज काय होतंय?" तर म्हणाली, "काय न्हाई बाबा. पण म्या आले न्हाई तर सरकारला वाटंल, मुरुडात कुणी आजारीच पडत न्हाई. मग उचलून नेत्याल की दवाखाना!"

तिचे जन्माचे प्रतिस्पर्धी म्हणजे गल्लीच्या टोकाला खाजगी दवाखाना चालवणारे डॉक्टरसाहेब. पिढ्यान्‌पिढ्या मुरुडात राहिलेल्या मुसलमान घरातले, हैदराबादला शिकून आलेले, अत्यंत अदबशीर. रोज सकाळी आत्याच्या ओट्यापुढे थांबून ते म्हणत, "आत्याबाई, मुफ्त दवेची कदर राहत नाही. लोक घरी नेऊन ओतून देतात." "आन् तुमची काय गोडीनं पितेत व्हय?" आत्या म्हणे, "पैसे गेले म्हणून पितेत!" मग अर्धा तास तिकडे रोगी खोळंबून राहत आणि इकडे चहा उकळून उकळून काळा होई.

दुष्काळाच्या साली विहिरी आटल्या, गावात सरकारी टँकर येऊ लागला. पहिल्याच दिवशी इस्त्रीच्या पँटीतले डॉक्टरसाहेब दोन बादल्या घेऊन रांगेत उभे. आत्या मागून ओरडली, "अवो डॉक्टर, तुमच्या खाजगी पाण्याला काय झालं?" रांग अशी हसली, की टँकरवाल्याच्या हातातून नळी सुटली आणि पुढचे चौघे फुकटात न्हाऊन निघाले. डॉक्टरसाहेब त्यात पहिले.

त्याच उन्हाळ्यात शेजारची एक पोर, पहिलटकरीण, दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता अडली. तिला बाजेवर घालून सरकारी दवाखान्यात आणलं, तर तिथले डॉक्टर लस टोचायला खेड्यांवर गेलेले, नर्सही त्यांच्याबरोबर, दाराला कुलूप. आत्यानं ते कुलूप एकदा हिसडून पाहिलं. मग पदर खोचून भर दुपारी अनवाणी पळाली ती थेट डॉक्टरसाहेबांच्या दारात. ते जेवत होते. "उठा!" एवढंच म्हणाली. ते उष्ट्या हातानंच उठले. तीन तासांनी पोर सुटली. मुलगी झाली. आई-लेक दोघी सुखरूप. डॉक्टरसाहेबांचा शर्ट घामानं पिळून काढण्यासारखा झाला होता.

फीचं नाव काढताच ते म्हणाले, "आज मी सरकारी आहे, आत्याबाई." आत्यानं घरी जाऊन टँकरच्या पाण्याची आपली घागर उचलली आणि त्यांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. "सरकारला असा घाम येत न्हाई. घ्या मुकाट्यानं."

तेव्हापासून मोठीच पंचाईत झाली. दोघांनाही एकमेकांचं पटलं होतं, पण भांडण सोडवेना. म्हणून त्यांनी चक्क बाजू बदलल्या! आत्या ओट्यावरून गरजे, "डॉक्टरच्या कष्टाचं मोल झालंच पाहिजे!" आणि डॉक्टरसाहेब म्हणत, "पण ज्याच्याकडे घागरसुद्धा नाही, त्यानं काय करायचं? सरकारनंच बघितलं पाहिजे." पुढे लातूर जिल्हा झाला, तेव्हा दोघं एकाच एस.टी.नं लातूरला गेले आणि मुरुडला बाईडॉक्टर द्या, असा अर्ज देऊन आले. मसुदा डॉक्टरसाहेबांचा, अंगठा आत्याचा. जाताना-येताना भांडण इतकं रंगलं, की कंडक्टर तिकिटं फाडायचं विसरून मध्येच बोलू लागला.

बाईडॉक्टर आली, पण तोवर आत्या थकली होती. शेवटी ती लातूरच्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात होती. डॉक्टरसाहेबांचे केस पिकले होते, तरी ते एक दिवसाआड मुरुडहून यायचे. आत्याला फारसं बोलता येत नसे. मग ते खाटेशेजारी स्टुलावर बसून दोन्ही बाजू एकटेच मांडत, आधी आपली, मग तिची. एकदा मी पायथ्याशी उभा होतो. आत्याचे डोळे मिटलेले. झोप लागली असं समजून त्यांनी आवाज खाली आणला.

आत्यानं डोळे न उघडताच त्यांची बाही ओढली.

"डॉक्टर," ती पुटपुटली, "माझी बाजू जरा जोरात बोला."