निळ्या गाडीचा हब पांढऱ्या गाडीला

जॅकवर चाक फिरवलं की आवाज नाही. गाडी खाली उतरवून रस्त्यावर नेली की घूं घूं घूं. शनिवारी दुपारी तीनपर्यंत मी हे चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा तेच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी तेव्हा एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होतो. आयटीआय करून दोन वर्षं झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रस्त्यावर नव्या गुळगुळीत गाड्या दिसू लागल्या होत्या, पण आमच्याकडे यायच्या त्या जुन्या छोट्या गाड्या. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून फिरायची, तीच. हुपरीच्या बाबगोंडा अण्णांकडे अशा दोन होत्या. अण्णा चांदीच्या पैंजणांचे कारागीर. पांढरी चालवायला, आणि निळी, बिनइंजिनची, पार्ट काढायला म्हणून घेतलेली.

पांढरीचा पुढचा उजवा हब गेला होता. ज्या भागावर चाक नटांनी आवळतात तो हब. तो स्टब अ‍ॅक्सल नावाच्या जाड लोखंडी खुंटावर फिरतो. खुंट आणि हब यांच्यामध्ये दोन बेअरिंगं असतात. प्रत्येक बेअरिंगचे भाग दोन. कप म्हणजे हबच्या आत ठोकून बसवलेली कडी. कोन म्हणजे त्या कपात फिरणारा, रोलर लावलेला भाग. पांढरीच्या हबमध्ये कप बसायची जागाच झिजली होती. नवा हब बाजारात मिळेना. म्हणून निळीचा हब पांढरीला घातला, बेअरिंगं नवी आणली. मॉडेल एकच, फक्त निळी काही वर्षं नंतरची. सरळ काम होतं.

पंचगंगेच्या पुलापर्यंत जाऊन आलो तर हबला हात लावता येईना, इतका तापलेला.

आमचे वस्ताद, म्हणजे गॅरेजचे मालक, खुर्चीतून न उठता म्हणाले, "नवीन बेअरिंग हाय, बोलणारच. शंभर किलोमीटर पळू दे, गप बसंल."

"वस्ताद, ते शंभर किलोमीटर आंबा घाटातनं जाणार हायत."

कारण रविवारी सकाळी अण्णांना लेकीला रत्नागिरीला सासरी पोचवायचं होतं. सोबत तिचं तीन महिन्यांचं बाळ. पहिल्या बाळंतपणाची लेक, ती आपल्याच गाडीतून जावयाच्या दारात उतरली पाहिजे, असा अण्णांचा हट्ट. आणि घाटाच्या उतारावर पुढचं बेअरिंग जाम झालं तर काय होतं, ते मला सांगायची गरज नाही.

मी खुंटाच्या टोकाचा, हब धरून ठेवणारा नट थोडा ढिला केला. आवाज कमी झाला, पण चाक डुलायला लागलं. पुन्हा आवळला. पुन्हा तापलं. ब्रेकचे शू घासतात की काय म्हणून ड्रम उघडला. शू ठीक. चाकच खराब असेल म्हणून डावीकडचं उजवीकडे लावलं. आवाज जागचा हलला नाही. ग्रीस काढून नवं भरलं. माझं डोकं चालेना. दोष हबचा म्हणावा, तर तो जॅकवर लोण्यासारखा फिरत होता. दोष खुंटाचा म्हणावा, तर जुना हब झिजण्याआधी त्याच खुंटावर कित्येक वर्षं बिनबोभाट चालला होता.

तेवढ्यात अण्णा हुपरीच्या एसटीनं आले.

"झाली का ओ पावणं?"

"झालीया की," वस्ताद म्हणाले. "जरा आवाज करत्या, चालतंय."

माझे वडील कामगार युनियनच्या प्रत्येक सभेहून येताना पत्रकं आणायचे. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर. त्यामुळे राग आला की माझ्या तोंडून तशीच वाक्यं बाहेर पडायची. मी ओरडलो, "या 'चालतंय'नंच माणसं मारलीत! कष्टकऱ्याच्या जिवाला किंमत न्हाय म्हणून असलं काम खपतंय! मी किल्ली देणार न्हाय."

अण्णा चकित झाले. "आवो, गाडी माझी, किल्ली माझी."

"बाळ बी तुमचंच की, अण्णा."

वस्तादांनी विडी विझवली. "भाषण झालं असलं तर चाक खोल. बघू."

मी पाचव्यांदा चाक खोललं, कोन काढून रॉकेलमध्ये धुतला आणि फडक्यावर ठेवला. मला त्यात काही दिसेना. अण्णांनी सवयीनं तो उचलला, उन्हात धरला आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

"पावणं, ही चकाकी बघा. रोलर ह्या टोकालाच घासलाय. त्या टोकाला स्पर्शच न्हाय. आमच्यात साचा एकाचा नि ठसा दुसऱ्याचा असला की असंच व्हतंय."

मी वाकून हबच्या आत बघितलं.

निळीच्या हबमध्ये तिचे जुने कप तसेच होते. ते मीच ठेवले होते. दिसायला चकचकीत होते, आणि ठोकून काढताना हब तडकला तर दुसरा नव्हता, कारण निळीचा डावा हब आधीच चिरलेला. म्हणून नवे कोन घातले आणि नवे कप खोक्यातच ठेवले. माप दोन्हींचं सारखं, पण निळी नंतरची, आणि मधल्या वर्षांत कपाचा आतला उतार बदलला होता. जॅकवर भार नाही, म्हणून आवाज नाही. गाडीचं वजन आलं की रोलर नुसत्या कडेवर चालायचे.

"मी कप बदलले न्हाईत," मी म्हणालो.

वस्तादांनी खुर्ची पुढं ओढली. "मगाशी कुणी माणसं मारली म्हणालास?"

अण्णा हसले, पण वस्ताद हसले नाहीत. त्यांनी स्वतः हब मांडीत धरला आणि पितळी गजानं जुने कप ठोकायला लागले. एक ठोका इकडे, एक समोर. ती पंधरा मिनिटं मी दर ठोक्याला हबवर चीर शोधत होतो. हब टिकला. नवे कप बसले. पुलापर्यंत जाऊन आलो. अण्णांनी हबवर तळवा ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला. किल्ली मी त्यांच्या हातात दिली.

सोमवारी शेजारच्या दुकानात अण्णांचा फोन आला. घाटात दोनदा थांबून हात लावून बघितलं, थंड होता. बाळ एकदा रडलं, ते भुकेनं.

बेअरिंग जोडीनं येतं, जोडीनंच बदलावं. एवढं कळायला मला अख्खा शनिवार लागला, आणि तेही ज्यानं जन्मात कधी पाना धरला नव्हता त्या माणसाकडून.