पूनमच्या हळदीतला धवला

गेल्या रविवारी मुरबाडजवळच्या गावात माझ्या भाचीची, पूनमची हळद होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, मांडव सजलेला... आणि मोठ्यानं बोलायला कुणी धजावत नव्हतं.

माझी ताई सुनंदा, म्हणजे पूनमची आई, पावसाळ्यात गेली. कावीळ अंगात मुरली आणि आमच्या हाती काही राहिलं नाही.

ताई धवलारीण होती, लग्नात धवले गाणारी. किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत कितीतरी नवऱ्यांना तिच्या आवाजात हळद लागली. लेकीच्या हळदीला मात्र ती नव्हती, आणि तिच्यामागे धवले येणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

पूनमनं आधीच सांगून ठेवलं होतं, "मावशी, मोबाइलवर लावू. तो नवीन अल्बम आलाय ना, त्यात धवला आहे."

तो अल्बम मला माहीत होता. एक संबळवाला गोंधळी, एक अहिराणी गाणारी, एक कोकणातला मृदंगवाला आणि आपल्याच बाजूची एक धवलारीण. चौघंही आपापल्या मुलखात नावाजलेले. त्यांनी मिळून, साथीला गिटार घेऊन, ग्रुप काढला आणि हा त्यांचा पहिलाच अल्बम.

वाशिंदला घरी भाकऱ्या थापताना मी तो लावला होता. दुसऱ्याच गाण्यात संबळ आणि गिटार एकदम सुटले... जो तो पुढे पळायच्या घाईत. ताई असती तर म्हणाली असती, "ह्यांचं लगीन लागलंय का भांडण?" मी बंद करून टाकला. खरं सांगायचं तर धवल्यापर्यंत मला जायचंच नव्हतं. तिथे दुसऱ्या कुणाचा आवाज मला नको होता.

पण नवरीचं मन कसं मोडायचं? स्पीकर लावला.

गिटार नाही, काही नाही. नुसता एका बाईचा आवाज, जरासा फाटलेला, आणि मागे मृदंगाची हलकी थाप. मांडव कोणी गो घातला, असं विचारून ती गप्प झाली. मृदंग तेवढा चालू. मग पुन्हा तेच विचारलं, पुन्हा गप्प...

शेजारच्या बारकीकाकूच्या आधी लक्षात आलं. "अगो, ती आपल्याला इचारते! बोला की!"

धवल्यात तसंच असतं. धवलारीण विचारते आणि बायका त्या घरातलं नाव घालून उत्तर गातात. या लोकांनी उत्तराची जागा मोकळी सोडली होती. बायका गायला लागल्या... मांडव काकानं घातला, पाणी आत्यानं भरलं. घराला जरा जीव आल्यासारखं वाटलं.

मग तिनं विचारलं, नवरीची हळद कोणी गो कुटली?

सगळ्या थांबल्या. इथे आईचं नाव येतं. शुभकार्यात गेलेल्या माणसाचं नाव कोण घेणार?

काकू माझ्या कानाशी पुटपुटली, "तुजं नाव घेऊ का गो?" हळद मीच कुटली होती. पण मला हो म्हणवेना. मृदंग वाजतच राहिला...

तेवढ्यात पाटावरून पूनम गायली. सूर पार खाली. "सुनंदाबायनं कुटली..."

कुणी तिला अडवलं नाही. काकूनं ओळ उचलली, मग सगळ्यांनी. रडत रडतच गायल्या. दाजी मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, ते पाठ फिरवून पडवीत निघून गेले. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आले आणि लेकीला हळद लावली.

आता पूनम सासरी आहे. दाजी घरात एकटेच, फोन केला तर "जेवलो" एवढंच सांगतात. मी तो अल्बम रोज भाकऱ्या थापताना लावते. चौघं एकमेकांना कुठे वाट देतात ते आता कळायला लागलंय. धवला आला की मात्र अजून हात थांबतो.

त्या गाणाऱ्या बाईंना मी ओळखत नाही. कुणी ओळखत असेल तर एवढं सांगा... बाई, तुम्ही तिथे गप्प राहिलात, तुमचे फार उपकार झाले.