कबनूरची डिस्क

अनेकांत मगदूम गडमुडशिंगीत राहतो आणि घरूनच एका परदेशी कंपनीचं काम करतो. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम ज्या कोडमधून हार्ड डिस्कशी बोलते, तो कोड सांभाळायचा.

गेले तीन महिने तो नुसता पुसत होता. जुन्या कोडात एकेका डिस्कच्या नावापुढं फ्लॅग, म्हणजे खुणा, लावलेल्या होत्या: काम नसताना हिला झोपवू नका, हिला अमुक आदेश देऊ नका. आता सिस्टिम डिस्कलाच विचारते, तुला काय जमतं? म्हणून बहुतेक फ्लॅग उगाच पडून होते. पण एकेक काढायचा म्हणजे कुणी, का लावला ते शोधायचं. लावणारे कधीच नोकरी सोडून गेलेले. मेल परत यायच्या.

"दिवसभर बसून करतोस काय रं?" वडील तात्यासो विचारायचे.

"जुनं पुसतोय."

"आन् लिवलंतं कुणी?"

"थोडं मीच."

चाळीस फ्लॅग झाले. शेवटच्या डिस्कवर तपासणी राहिली होती, कारण ती कुठं मिळेना. तो इतका कंटाळला होता, की शुक्रवारी न तपासताच सगळं कंपनीला पाठवून देणार होता. तेवढ्यात कळलं, कबनूरला कापडाची डिझाइनं करणाऱ्या पिराजीकडं ती अजून चालू आहे. रविवारी तो गाडी काढून गेला.

"पावणं, बंद पडलं म्हंजे?" पिराजीनं विचारलं.

"आधी सगळं दुसरीकडं उतरवून घेतो की."

त्यातच चार तास गेले. मग त्यानं फ्लॅग काढलेली सिस्टिम चालू केली. झोपता येतं का? डिस्क हो म्हणाली. त्यानं झोपवली. ती उठलीच नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा वायर उपसून लावावी लागली.

"न्हाय जमत तिला," पिराजी म्हणाला. "हाय तसं ऱ्हाऊ द्या."

शुक्रवारी पाठवलं असतं, तर अशा किती जणांची कामं अडली असती, आणि का अडली हे त्यांना कधी कळलंही नसतं. अनेकांतनं तो फ्लॅग परत घातला आणि वर ओळ लिहिली: 'ही डिस्क हो म्हणते, पण उठत नाही. काढू नये.'

मग बाकीचं पाठवलं. महिन्यानं कंपनीचं उत्तर आलं: 'घेतलं. आभार.' एकोणचाळीस फ्लॅग गेले. कुणाचा कॉम्प्युटर त्यामुळं जलद झाला नाही.

"संपलं का हो?" बायकोनं, आदितीनं, विचारलं.

"हे संपलं."

"मग दोन दिवस रजा घ्या."

त्यानं घेतली, आणि दोन्ही दिवस दारात खुर्ची टाकून नुसता बसून राहिला.