ताळा न केलेला पेपर

गठ्ठा चार वाजता सील होणार होता. साडेतीन झाले होते आणि मी पवनारहून वर्ध्याकडे सायकल दामटत होतो. चेन दोनदा उतरली. हात काळे झाले, ते पँटलाच पुसले.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सातवीच्या केंद्र परीक्षेचे गणिताचे पेपर मी तपासत होतो. नोकरी लागून वर्ष झालं होतं, अजून टेम्पररीच होतो.

एक प्रश्न असा होता: ३क्ष + ४ = क्ष + १६, तर क्ष किती? आम्ही शिकवायचो ती रीत ठरलेली. पद बरोबरच्या चिन्हापलीकडे न्यायचं, अधिकचं वजा करायचं. मॉडेल आन्सरमध्ये चार टप्पे होते, टप्प्याला एक मार्क.

सकाळी एका पेपरात एवढंच लिहिलेलं सापडलं: ‘दोन्हीकडचा एक क्ष काढला. दोन्हीकडचे चार काढले. दोन क्ष राहिले, बारा राहिले. एक क्ष सहा.’

चिन्ह नाही, टप्पा नाही, आणि उत्तर मात्र बरोबर. मला वाटलं, शेजाऱ्याचं पाहून लिहिलंय. लाल पेनाने ‘रीत नाही’ लिहून शून्य दिलं. एकूण बत्तीस झाले. पासाला पस्तीस लागत. सातवीत नापास झालेलं मूल आमच्याकडे पुन्हा शाळेत क्वचितच दिसायचं. हे मला ठाऊक होतं.

काम संपवून दुपारी घरी निघालो. पवनारला धाम नदीच्या पुलाजवळ एक बाई घरच्या मळ्यातली वांगी विकत बसायची. मी वांगी मागितली तशी तिने टोपलीत वांगी भरून ती काट्याच्या एका पारड्यात ठेवली. दुसऱ्या पारड्यात वजन ठेवलं आणि वजनाजवळ तसलीच एक रिकामी टोपली.

“मावशी, ती रिकामी टोपली काऊन?”

“वांग्याखाली टोपली आहे, तं वजनाखालीबी पाह्यजे न. दोन्हीकडची काढा, काटा हालत नाई. उरले ते वांगे.” मग माझ्याकडे पाहून ती हसली. “एवढं समजत नाई गुरुजी? तुमाले शाळेत कोनं ठेवलं मंग?”

वांग्यांसाठी काढलेली पिशवी तिथेच राहिली. सायकल वळवली.

पोचलो तेव्हा शिपाई गठ्ठ्यावर कापड गुंडाळत होता. मुख्य परीक्षक चहा पीत होते.

“सर, एका पेपरचे मार्क बदलायचे आहेत. चार वाढतात.”

“कोनाचा पोरगा आहे?”

“माहीत नाही. नंबरच आहे फक्त.”

“मंग काऊन पळत आले?”

“रीत होती सर. मला दिसली नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला. “असं करा, लेखी द्या. ‘तपासताना माझी चूक झाली’ म्हनून. कागद वर ऑफिसात जाईन. तुमची नोकरी पक्की व्हाची आहे न अजून?”

मी पेन काढलं. टोपणही उघडलं. समोर शिपायाने मेणबत्ती पेटवून लाख धरली होती.

“लिहिता का मास्तर? मी थांबून राह्यलो,” शिपाई म्हणाला.

“राहू द्या, सर,” मी मुख्य परीक्षकांना म्हणालो.

लाख कापडावर टपकली. त्यावर शिक्का बसला.

पुढच्या वर्षी माझी नोकरी पक्की झाली. तो पेपर मुलाचा होता की मुलीचा, पवनारचा की देवळीचा, आजही मला माहीत नाही. बाजारात काटा धरून बसलेलं साठीच्या आसपासचं कोणी दिसलं की मी दुसऱ्या दुकानाकडे वळतो.

आलेली किंमत समीकरणात घालून पाहायची, याला ताळा म्हणतात. क्षच्या जागी सहा घातले की डावीकडे बावीस येतात, उजवीकडेही बावीस. ताळा जुळला म्हणून नक्कल झाली नाही हे सिद्ध होत नाही. पण थांबून पुन्हा वाचलं तरी असतं. अर्धं मिनिट लागतं. वर्गात मी तो रोज करून घ्यायचो. त्या सकाळी मात्र केला नाही. आणि दुपारी चूक कळल्यावर नुसती एक ओळ लिहून सही लागत होती, तीही केली नाही.