वरची दाढ

मी मॅट्रिक झालो तेव्हा, म्हणजे एकोणीसशे पंचवीस-सव्वीसच्या सुमाराला, सोलापुरात एखादा मुलगा दातांचा डॉक्टर व्हायचं म्हणाला असता तर घरच्यांनी आधी त्याची दृष्ट काढली असती. दात दुखला तर लवंग धरायची, अगदीच राहवेना तर बाजारच्या दिवशी रस्त्यात पथारी टाकून बसणाऱ्या माणसाकडून उपटून घ्यायचा. त्यासाठी कुणी कॉलेजात जातं का? पण मामांनी ते खूळ घेतलं होतं. त्यांचे एक स्नेही कलकत्त्याला शिकून आले होते आणि नवी पेठेत कापडाच्या दुकानावरच्या माडीत त्यांनी दवाखाना थाटला होता. आपल्या ओळखीनं हे डॉक्टर मला कलकत्त्याला धाडायला तयार होते. वडील म्हणाले, थोडे दिवस तिथं बसून बघ आणि हो की नाही ते सांग; नाही म्हणालास तर गिरणीच्या हापिसात चिकटवतो. लोकांच्या उष्ट्या तोंडात बोटं घालून आल्यावर आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही, एवढंच आईनं बजावलं.

मी जात्याच संशयी. ना नात्याचा ना गोत्याचा माणूस माझ्यासाठी एवढी धडपड का करतो? कुठंतरी पाणी मुरत होतं. आधी वाटलं, लग्नाची मुलगी असेल. चौकशी केली, तर त्यांना सगळे मुलगेच. मग वाटलं, पुढं-मागं फुकटचा गडी हवा असेल. गावात तर याहून वाईट बोललं जाई. हा डॉक्टर दुखऱ्या दाताबरोबर शेजारचा धड दातही काढतो, म्हणजे माणूस पुढं कवळीसाठी त्याच्याकडेच येतो. डॉक्टर हसले की मला हत्तीची म्हण आठवायची, दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्यांच्या हातांवर नजर ठेवायचो. त्यांच्या ते लक्षात आलं होतं.

एका दुपारी एक विणकर आला. तेलुगू घरातला, पन्नाशीचा, डावा गाल टम्म सुजलेला. खालची दाढ काढा म्हणाला आणि बोट लावून दाखवली. डॉक्टरांनी माझ्या हातात छोटा आरसा दिला आणि बघ म्हणाले. मी पाहिलं. खालची दाढ चांगली धडधाकट होती. पोखरून काळी पडली होती ती तिच्यावरची. तरी डॉक्टरांनी चिमटा उचलला आणि सरळ खालच्या दाढेपाशी नेला. मनात म्हटलं, सापडला चोर.

डॉक्टरांनी चिमट्याच्या मुठीनं त्या दाढेवर टकटक केलं. विणकर कण्हला, पण जरा उशिरा, आठवण झाल्यासारखा. मग त्यांनी वरच्या दाढेला नुसता स्पर्श केला. या खेपेला त्यानं आवाज काढला नाही, पण त्याच्या पायाची बोटं आवळली गेली. ते बघून मी बोलून गेलो, "हे खोटं सांगतायत. दुखतेय ती वरची."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "माझ्यावर तुझा विश्वास नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं," ते म्हणाले. "रोग्यावरही नाही, हे आज कळलं. या धंद्यात ते बरं असतं."

विणकर ओशाळला. मग त्यानं खरं काय ते सांगितलं. "वरची काडली की डोळा जातो. डोळा गेल्यावर मागावर मी काय करू? खालची काडा, वरची कळ आपसूक उतरंल." डॉक्टरांनी त्याला परोपरीनं समजावलं, पण त्याला ते पटेना. शेवटी तो माझ्याकडं वळला. "तुमी ह्यांचं माणूस दिसत न्हाई. तुमी सांगा, जातो का डोळा?"

आता आली पंचाईत. आमच्या आईची वरची दाढ कित्येक वर्षं किडलेली होती. ती एकाच बाजूनं चावायची, फार ठणकलं की गालाला फडकं बांधून चुलीपुढं बसायची, आणि डोळ्याच्या धास्तीनं तिनं ती कधी काढू दिली नाही. हे बघतच मी वाढलो होतो. डॉक्टर नाही म्हणत होते खरे, पण मला स्वतःला काय ठाऊक होतं? दुसऱ्याच्या भरवशावर मी या माणसाला त्याच्या डोळ्याची हमी कशी देऊ? मला भीती वाटली.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तो उठून जाणार असंच मला वाटलं. पण तो पुन्हा मागं टेकून बसला आणि डॉक्टरांना म्हणाला, "ह्यो खरं बोलतोय. काडा वरची." यातला हिशेब मला अजून नीट उलगडलेला नाही. दाढ निघेपर्यंत त्यानं डावा डोळा तळहाताखाली गच्च दाबून धरला होता. नंतर तो खिडकीशी गेला, उजवा डोळा झाकला आणि समोरच्या दुकानात टांगलेल्या लुगड्यांचे काठ न्याहाळत उभा राहिला.

माझा संशय तेवढ्यानं फिटला नाही. डोळा हळूहळू जात असेल तर? काही ना काही निमित्त काढून मी त्याच्या गल्लीतून जाऊ लागलो. तो मागावर बसून तुटलेले धागे सांधत असायचा. शेवटी तोच वैतागला. "दिसतंय की. रोज काय बगताय?"

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. चल, तुझीही काढून घेऊ, असं म्हणायचं माझ्या मनात होतं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. ऐकून म्हणाली, "त्याचा राहिला असेल. माझा राहील कशावरून?" माझा स्वभाव कुणावर गेला ते मला तेव्हा कळलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि गालावर हात ठेवून म्हणाली, "तू जा कलकत्त्याला. शिकून ये. परक्याच्या हाती मी डोळा द्यायची नाही. जायचाच असला तर तुझ्या हातानं जाऊ दे."

वडील बाहेर ओसरीवर बसले होते. मी जाऊन त्यांना हो म्हणालो.