टेबल खलास!

माझ्या सासऱ्यांनी बहारीनमधलं पहिलं जेवण आमच्या घरात घेतलं की घराबाहेर, यावर आमच्याकडे अजून एकमत झालेलं नाही.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, एसटीतून डेपो मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. वेळेचे पक्के, जिभेचे त्याहून पक्के. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, पण माझ्याबद्दलचं त्यांचं मत लग्नाच्या बैठकीत बनलं तेच कायम आहे. "मुलगा इंजिनियर आहे, चांगलंच आहे. पण याच्या कामाला ना शेंडा ना बुडखा!" असे हे अप्पा पहिल्यांदाच आमच्याकडे महिनाभर राहायला येणार होते. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, मांडी घालायची सोय नाही. आणि आम्ही मनामातल्या फ्लॅटमध्ये आठ वर्षं सतरंजी अंथरून जेवत होतो.

"माझे वडील सोफ्यावर बसून मांडीत ताट घेणार नाहीत," बायकोनं, मेधानं, बजावलं. "त्यांचं पहिलं जेवण टेबलावर झालं पाहिजे. आयुष्यात हे एक काम धड कर!"

कामाला लागलो. दोन महिने शोरूम पालथी घातली. (पालथी घातली म्हणजे खरोखरच. प्रत्येक टेबलाखाली वाकून मी सांधे तपासायचो. एका दुकानात तर सेल्समनला वाटलं, माझं काही हरवलंय.) मला टेबल मजबूत हवं होतं, मेधाला ते हॉलमध्ये मावायला हवं होतं. आमची अकरा वर्षांची ईरा म्हणाली, "बाबा, जस्ट बाय वन!" शेवटी मेधानं गोल टेबल पसंत केलं. तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर अप्पा उगवले.

"गोल?" अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग पहिलं पान कुठलं? मोठ्या माणसानं बसायचं कुठं? गोल टेबलाला ना शेंडा ना बुडखा! जावईबापूंनी निवडलं वाटतं?"

मेधानं माझ्याकडे बोट दाखवलं. चौदा वर्षांच्या संसारात तिनं इतक्या सहजपणे मला कधीच पुढे केलं नव्हतं!

झालं. गोल रद्द, लांबट मंजूर. पण हॉलला बसेल अशा मापाचं लांबट टेबल मिळेना, म्हणून तुबलीला कासमभाईंच्या वर्कशॉपमध्ये बनवायला टाकलं. कासमभाई मूळचे दापोलीचे, तीस वर्षं इथे सुतारकाम करतायत. परदेशात मराठी बोलणारा सुतार भेटल्यावर मला इतकं भरून आलं, की मी माप सोडून गप्पाच जास्त मारल्या. निघताना मात्र इंजिनियर जागा झाला. "कासमभाई, पाय काढता येतील असे नकोत हं. ते पुढे डुगडुगतात. एकदम पक्के बसवा!"

"यल्ला, पक्के बसवतो! शुक्रवारी नमाजानंतर घरी टेबल. इंशाल्ला."

अप्पांचं विमान शुक्रवारीच दुपारी बाराला उतरणार होतं. म्हणजे टेबल आणि सासरे एकाच दिवशी. माझी झोप उडाली ती तिथपासून.

गुरुवारी दुपारी बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. काळा धूर. खाली लिहिलेलं, 'तुबलीत एका वर्कशॉपला आग.' मी कासमभाईंना फोन लावला. पलीकडे नुसता आरडाओरडा आणि कसली तरी घरघर.

"कासमभाई, माझं टेबल?"

"साहेब, तुमचा टेबल खलास!"

"खलास?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि खुर्च्या?"

"खुर्च्या पन खलास! सहाच्या सहा! सगला खलास! आता तुमी काय टेन्शन घेऊ नका..." आणि फोन कट. परत लावला तर बंद.

आता इथे माझी बाजू समजून घ्या. बहारीनमध्ये खलास म्हणजे काम झालं, संपलं, तयार, हे मला माहीत नाही का? आठ वर्षं रोज ऐकतोय! हाच शब्द एखाद्या अरबानं उच्चारला असता, तर मी पेढे वाटले असते. पण कासमभाई माझ्याशी मराठीत बोलत होते हो! मराठीत खलास म्हणजे खलास!

"एकदा तुबलीला जाऊन बघून तरी ये," मेधा म्हणाली.

"काय बघू? राख? त्या माणसाचं दुकान गेलं आणि मी टेबल मागत जाऊ? माणुसकी नावाची काही चीज आहे की नाही?" असं म्हणून मी कासमभाईंना मेसेज पाठवला. 'जे झालं ते झालं. धीर धरा. वरचा बघतोय.' तासाभरानं उत्तर आलं, 'शुक्रिया साहेब. इंशाल्ला.' मी तो मेसेज मेधाला दाखवला. तिचेही डोळे पाणावले.

मग ते पुसून ती म्हणाली, "उद्या अप्पांना कशावर वाढू?"

हातात उरले वीस तास. तिसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब बहारीन कायमचं सोडून केरळला निघालं होतं, त्यांचं सामान विकायला काढलेलं. धावत वर गेलो. फ्रिज गेलेला, पलंग गेलेले, टेबल तेवढं उरलेलं. काचेचं. भलं जड. आणि गोल! मी डोळे मिटून ते घेतलं. त्यानं हॉल असा भरला, की सोफा भिंतीला चिकटवावा लागला.

शुक्रवारी विमानतळावर अप्पा व्हीलचेअरमधून बाहेर आले ते घड्याळ बघतच. "दहा मिनिटं लेट. टेबल लांबटच घेतलंत ना?"

गाडीत शेवटी धीर करून म्हणालो, "अप्पा, एक वाईट बातमी आहे. लांबट टेबल करायला दिलं होतं. पण काल त्या सुताराचं दुकान जळालं."

अप्पा एकदम गंभीर झाले. "अरेरे! माणूस वाचला ना?"

"वाचला. पण पार कोलमडलाय बिचारा."

"मग टेबलाचं काय घेऊन बसलात? माणूस महत्त्वाचा. मी गोलावर जेवेन." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही प्रयत्न केलात." चौदा वर्षांत पहिल्यांदा! खोटं कशाला सांगू, गाडी जरा हळूच चालवली. हे सुख घरापर्यंत तरी टिकावं.

ते घरापर्यंतच टिकलं. बिल्डिंगच्या दारात पिकअप उभी, तिच्यावर सहा खुर्च्या, आणि शेजारी इस्त्रीच्या शर्टात कासमभाई!

"साहेब! कालच बोललो ना, खलास म्हनून? टेबल वर नेलाय आमच्या मानसांनी. पन तुमी धीर धरा काय लिवलात? घरात कोन गेला काय? मी नमाजात दुवा मागितली!"

अप्पांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे कोण?"

"हे... कासमभाई."

"म्हणजे ते जळालेले?"

"जलला तो बाजूचा वर्कशॉप, आमचा नाय!" कासमभाई म्हणाले. मी लिफ्टचं बटण सात वेळा दाबलं.

दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारासमोर चार माणसं टेबल धरून उभी होती. देखणं, भक्कम, लांबट! अप्पांमधला डेपो मॅनेजर जागा झाला. "बाजूला व्हा जावईबापू, हे तुमचं काम नाही. हां, येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे कापा... अजून येऊ द्या..."

खाड! टेबल अर्धं आत गेलं आणि हॉलमधल्या गोल टेबलाला धडकलं. मागे ओढलं तर पाय चौकटीत अडकले. (काढता न येणारे पाय. पक्के बसवलेले. माझ्या खास सूचनेवरून.) आता अर्धं टेबल घरात, अर्धं पॅसेजमध्ये. मेधा आत, आम्ही बाहेर.

"हालत नाय," कासमभाई घाम पुसत म्हणाले. "चौकट खोलायला लागंल. हत्यारं घेऊन येतो."

"अप्पांची शुगरची गोळी!" आतून मेधा ओरडली. "दीड वाजला! त्यांना आत्ता जेवायला लागतं!"

समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. अप्पांचा चेहरा पांढरा पडत होता की लाल, ते मला कळत नव्हतं, आणि दोन्हीची मला सारखीच भीती वाटत होती.

मग अप्पांनी स्वतःच पिकअपमधली एक खुर्ची मागवली, टेबलाच्या बाहेरच्या टोकाशी मांडली आणि काठी भिंतीला टेकवून बसले. "मेधा! वाढ!"

आतल्या टोकाकडून ताट सरकत आलं. वरण-भात, बटाट्याची भाजी, श्रीखंड. मीठ विसरलं होतं, ते ईरानं टेबलाखालून रांगत आणून दिलं. "धिस इज सो कूल, आजोबा!" अप्पांनी कासमभाईंनाही शेजारी बसवून घेतलं. दापोलीच्या जुन्या स्टँडवरून दोघांचं असं काही जमलं, की हत्यारांची आठवण कुणालाच राहिली नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसून सगळ्यांना पाणी देत होतो.

जेवण झाल्यावर अप्पांनी टेबलावर थाप मारली. "पहिलं पान मिळालं. टेबल उत्तम आहे. पाय निघत नाहीत, हे कुणाचं डोकं?"

"माझं."

"वाटलंच," अप्पा म्हणाले आणि हात धुवायला समोरच्या फ्लॅटमध्ये गेले.

संध्याकाळी चौकट काढून टेबल आत घेतलं. आता घरचे सगळे त्यावर जेवतात. गोल टेबल कुणी विकत घेईना, म्हणून ते बाल्कनीत ठेवलंय. हल्ली माझं ताट तिथेच वाढलं जातं. मी एकदा तक्रार करून पाहिली, तर मेधा म्हणाली, "असू दे रे. तुमचं दोघांचं छान जमतं. शेंडा त्याला नाही, बुडखा तुला नाही!"